पऱ्यातलं पाणी

खडकवासल्याला भाच्याचं दीक्षान्त संचलन बघायला गेलो, तेव्हा मला संचलनापेक्षा ताईशी काय बोलायचं याची काळजी जास्त होती. चार वर्षांनी भेटत होतो. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि त्यात जे बोलायला नको होतं ते दोघंही बोलून बसलो. तेव्हापासून दिवाळीचा एक फोन, तोही मुलांच्या मार्फत. "आलास?" ती म्हणाली. "आलो," मी म्हणालो. मग ती पुढच्या रांगेत आणि मी दोन रांगा मागे, असे बसलो.

एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, संचलन ज्यांनी पाहिलंय त्यांना शेवट माहीत असतो. पास होणारी मुलं संथ पावलं टाकत 'अंतिम पग' ओलांडून जातात आणि बँड 'ऑल्ड लँग साइन' वाजवतो. इथे आयांचे पदर डोळ्यांशी जातात. बाप गॉगल चढवतात. मी मात्र गुडघ्यावर बोटं फिरवत होतो. मंद्रातल्या पंचमावरून उडी, मग सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प, ध. परत ध, प ग ग सा, रे सा रे ग, सा ध ध प सा, त्यातले शेवटचे ध आणि प पुन्हा खालचे. मध्यम नाही, निषाद नाही. मी मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर भूप राग!" शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या मुलाच्या पगारावर काही बोललोय.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. बँकेतली नोकरी संपल्यावर तो एकच उद्योग उरलाय. घरी येऊन पेटी काढली आणि ती चाल पुन्हा पुन्हा वाजवली. माझे पेटीचे गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना फोनवरच ऐकवली. ते म्हणाले, "सूर भूपाचे आहेत, भूप नाही. भूप असा चार पावलांत घरी पोचत नाही." बरोबर आहे. तरी मला ती गोष्ट सोडवेना. हजारो मैलांवरच्या, थंडीवाऱ्याच्या, मेंढ्यांच्या देशातली चाल माझ्या पेटीवर एकही पट्टी चुकीची न दाबता कशी काय बसली?

त्या कुतूहलापायी पुढची दोन वर्षं मी स्कॉटलंडच्या गाण्यांच्या नादी लागलो. त्यात मुलगी नोकरीसाठी एडिंबरोला गेली, म्हणजे तिकडे जायला निमित्तही मिळालं.

आधी त्या गाण्याबद्दल. जगभर ३१ डिसेंबरच्या रात्री माणसं हे गाणं म्हणतात आणि बहुतेकांना पहिलं कडवं आणि धृपद यापलीकडे काही येत नाही. 'साइन'चा उच्चारही 'झाइन' करतात, त्याने स्कॉटिश माणसाच्या कपाळावर आठी पडते. शब्दांचा अर्थ साधारण 'फार फार पूर्वी', आपल्या गोष्टींमधल्या 'आटपाट नगरा'च्या काळासारखा. जुनी ओळख विसरायची का, असा पहिलाच प्रश्न आहे. पण खरं गाणं पुढे आहे, न म्हटल्या जाणाऱ्या कडव्यांत. आपण दोघं टेकाडांवरून धावलो, रानफुलं खुडली, आणि त्यानंतर पाय दुखेस्तोवर किती भटकलो. आपण दोघं सकाळच्या उन्हापासून जेवणवेळेपर्यंत 'बर्न'मध्ये पाय बुडवून खेळलो, आणि आता आपल्यामध्ये रुंद समुद्र गर्जतायत. बस. इतकंच. समुद्र कोण ओलांडून गेला, का गेला, परत आला का, काही नाही. बर्न म्हणजे छोटा ओढा. शहरी मराठीत त्याला शब्द शोधावा लागेल, पण आम्हा कोकणातल्यांना नाही. आमच्याकडे त्याला पऱ्या म्हणतात. आमच्या घराच्या मागून पऱ्या वाहायचा. त्याच्या काठाला श्रावणात तेरडा फुलायचा.

आणि त्या गाण्यात एक कडवं असंही आहे, की तुझ्या प्याल्याचे पैसे तू देशील, माझ्या प्याल्याचे मी देईन. एवढ्या हळव्या गाण्यात मध्येच हिशेब! मला हे वाचून हसूच आलं. पण मग वाटलं, याच ओळीमुळे बाकीच्या गाण्यावर विश्वास बसतो. ज्याला हिशेब कळतो असा माणूस आठवण काढतोय.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८८ साली हे गाणं एडिंबरोच्या जेम्स जॉन्सनकडे पाठवलं, आणि पुढे ते एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं असं सांगितलं. त्यात म्हाताऱ्याचं किती आणि बर्न्सचं किती, यावर विद्वान अजून वाद घालतात. जॉन्सनच्या 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या संग्रहात ते १७९६ साली छापलं गेलं, म्हणजे बर्न्स गेला त्याच वर्षी, आणि तेही वेगळ्याच चालीत! आज आपण ऐकतो ती चाल जॉर्ज थॉमसन नावाच्या दुसऱ्या प्रकाशकाने १७९९ साली या शब्दांना जोडली. म्हणजे जगातलं बहुधा सगळ्यात जास्त गायलं जाणारं हे गाणं आज आपण ज्या सुरांत म्हणतो, तसं छापलेलं ते बर्न्सने पाहिलंच नाही.

ती चाल पुढे कुठे कुठे गेली ते पाहिलं की मजा वाटते. रवींद्रनाथांनी तरुणपणी विलायतेत स्कॉटिश, आयरिश गाणी ऐकली, आणि 'पुरानो शेई दिनेर कथा' या चालीवर बांधलं. बंगाली माणसाला ते आपलंच गाणं वाटतं. जपानात ही चाल लागली की गिऱ्हाईक समजतं, दुकान बंद व्हायची वेळ झाली. कोरियाचं राष्ट्रगीत १९४८ पर्यंत याच चालीत म्हटलं जाई, मालदीवचं १९७२ पर्यंत. पाच सुरांची चाल आहे. जगात अनेक ठिकाणच्या लोकगीतांना हेच पाच सूर पुरतात. ज्या देशात गेली तिथल्या गळ्याला ती परकी वाटली नसणार. माझ्या बोटांना नाही वाटली.

बर्न्सबद्दल मला आधी फारसं माहीत नव्हतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला अ‍ॅलोवे गावात, बापाने स्वतःच्या हाताने बांधलेल्या मातीच्या भिंतींच्या घरात २५ जानेवारी १७५९ला तो जन्मला, आणि काही दिवसांतच वादळात त्या घराची एक भिंत कोसळली. आई गाणी म्हणायची. घरी येणारी एक नातेवाईक बाई भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. बाप कर्जाच्या आणि खंडाच्या ओझ्याखाली मोडला. हाही नांगरच धरायचा. १७८६ साली किल्मार्नॉकला त्याच्या कवितांच्या ६१२ प्रती छापल्या आणि महिन्याभरात जवळजवळ सगळ्या संपल्या. एडिंबरोच्या बैठकीत त्याला 'स्वर्गाने शिकवलेला नांगऱ्या' म्हणून मिरवलं. नांगऱ्या होताच. पण त्याने पुस्तकंही भरपूर वाचली होती, ते मिरवणाऱ्यांना अडचणीचं होतं.

एक गोष्ट मात्र गिळता येत नाही. ते पुस्तक खपलं नसतं तर हा माणूस जमैकाला निघाला होता, ऊसमळ्यावर हिशेबनीस म्हणून. ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत. 'काहीही असो, माणूस तो माणूसच' अशा अर्थाचं गाणं पुढे त्याने लिहिलं. १९९९च्या जुलैमध्ये स्कॉटलंडची नवी संसद उघडली तेव्हा शीना वेलिंग्टन यांनी तेच गाऊन दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या एकमेकींत मिसळून पातळ करत नाही.

आणि पैशाचं त्याचं गणित बघा. गाण्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत. दोनशेच्या वर गाणी गोळा केली, दुरुस्त केली, नव्याने रचली आणि दोन्ही संग्रहांना फुकट दिली. थॉमसनने एकदा पाच पौंड पाठवले तर रागावला. पुढे १७९६च्या जुलैत, आजारी, डोक्यावर कापडवाल्याचं देणं आणि तुरुंगाची भीती, अशा अवस्थेत त्यानेच थॉमसनला लिहून पाच पौंड मागितले. नऊ दिवसांनी, २१ जुलैला गेला. वय सदतीस.

जानेवारीत मी एडिंबरोला होतो. दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडायला लागतो, तेव्हा घरात बसून करायचं काय? मुलीने वस्तीतल्या एका हॉलमध्ये 'बर्न्स सपर'ला नेलं. त्याच्या वाढदिवसाला देशभर अशी जेवणं होतात. पहिलं मात्र १८०१ साली, त्याच्या पुण्यतिथीला, अ‍ॅलोवेच्या त्याच घरात नऊ मित्रांनी केलं होतं. बॅगपाइपवाला पुढे, त्याच्यामागे ताटात 'हॅगिस', आणि सगळे उभे. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, कलेजी, फुप्फुस, चरबी, कांदा आणि ओटचं भरड पीठ, सगळं पोटाच्या पिशवीत भरून उकडलेलं. मुलगी घाबरली होती की मला चालेल का. मी म्हटलं, अगं, वजडी खाऊन वाढलेला माणूस मी. चव चांगली होती, मिरपुडीची. तिखट कमी होतं, हे सांगायला नकोच. एकाने हॅगिसला उद्देशून बर्न्सची कविता म्हटली आणि योग्य ओळीला सुरी खुपसली. तो प्रकार मला थोडा नाटकी वाटला. आपल्या गणपतीतल्या सजावटीसारखं झालंय त्याचं, देव मागे आणि मखर पुढे.

पण नंतर, भांडी उचलली जात असताना, एक निवृत्त बसचालक आजोबा बसल्या जागेवरून, हात टेबलावर ठेवून, उंदराची कविता म्हणाले. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. तरी आख्खा हॉल गप्प झाला, हे कळलं.

१७८५च्या नोव्हेंबरमध्ये नांगरताना फाळाखाली उंदरीचं बीळ फुटलं, त्यावरची ती कविता. पहिली ओळ 'वी, स्लीकिट, काउरिन, टिमरस बीस्टी'. 'वी' म्हणजे इवलं. 'बीस्टी' म्हणजे जनावर, पण लाडाचं, लहान केलेलं. मला भाषांतर करायला कुणी सांगितलं तर मी 'इवलंसं जित्राब' म्हणेन. जित्राब हा शब्द वापरणारा माणूस गोठ्यात वावरलेला असतो आणि बर्न्सही तसाच होता. तो उंदरीला म्हणतो, तू चोरतेस, मला माहितीय. चोरशील नाही तर काय करशील बिचारी, जगायला हवं ना? 'थ्रेव्ह'मधलं एखादं कणीस, ते काय मोठं मागणं आहे! थ्रेव्ह म्हणजे किती, हे मी आजोबांना विचारलं. "चोवीस पेंढ्या," ते म्हणाले. चोवीस पेंढ्यांत एक कणीस. दया सगळेच दाखवतात, पण चोरीचं माप असं मोजून देणारा कवी शेतकरीच असू शकतो.

मग ती जगप्रसिद्ध ओळ येते, उंदरांचे काय आणि माणसांचे काय, बेत फसतातच. पुढाऱ्यांच्या भाषणात जाऊन जाऊन ती गुळगुळीत झालीय. आजोबांचा आवाज तिथे बदललाही नाही. तो बदलला शेवटच्या कडव्याला. तिथे नांगऱ्या उंदरीला म्हणतो की तरी तू बरी, तुला फक्त आत्ताचं लागतं. मी मागे बघतो तर सगळं उजाड, पुढचं दिसत नाही, पण अंदाज येतो आणि भीती वाटते. कविता तिथेच संपते. उंदरीचं काय झालं, ते नाही.

"शाळेत शिकलात?" मी विचारलं. ते हसले. म्हणाले, वर्षातून एक दिवस ही कविता म्हटली की बक्षीस मिळायचं. उरलेले सगळे दिवस असं बोललं की मार.

हे दुखणं जुनं आहे. अठराव्या शतकात एडिंबरोचे विद्वान आपल्या बोलण्यातले स्कॉटिश शब्द वेचून त्यांच्या याद्या करत होते, टाळण्यासाठी. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही अशी यादी केली होती. त्याच शहरात हा माणूस 'प्रामुख्याने स्कॉटिश बोलीत' असं पुस्तकाच्या नावातच छापून आला. २०११च्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स, म्हणजे हीच बोली, बोलता येतं असं नोंदवलं. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात मी 'पऱ्या' म्हणायचं सोडून 'ओढा' म्हणायला लागलो होतो. मला कुणी मारलंही नव्हतं.

बर्न्सच्या आधीचं गाणं मात्र आणखी खोल आहे. बॅलड. गोष्ट सांगणारं गाणं. कुणी रचलं माहीत नाही, कधी रचलं माहीत नाही, पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात. अमेरिकेत फ्रान्सिस चाइल्ड या प्राध्यापकाने इंग्लंड-स्कॉटलंडची अशी ३०५ बॅलड क्रमांक घालून छापली, त्यातली कितीतरी स्कॉटलंडची. त्यातलं 'सर पॅट्रिक स्पेन्स' मी इतक्यांदा वाचलंय की आता स्वप्नात येतं.

राजा डन्फर्मलिनला बसून रक्तासारखी लाल दारू पितोय आणि विचारतोय, माझं जहाज हाकायला चांगला दर्यावर्दी कोण? कुणीतरी स्पेन्सचं नाव घेतं. राजा पत्र लिहितो. स्पेन्स वाळूवर चालत असतो. पत्राची पहिली ओळ वाचून मोठ्याने हसतो, पुढची वाचून डोळ्यांत पाणी. वर्षाच्या या दिवसांत समुद्रावर पाठवायचं हे कुणाचं काम? एक खलाशी म्हणतो, काल रात्री मी नव्या चंद्राच्या कुशीत जुना चंद्र पाहिला, मालक, मला भीती वाटते. आणि पुढचं कडवं असं आहे की स्कॉटलंडच्या उमरावांना आपले बुचाच्या टाचांचे जोडे ओले व्हायला नको होते, पण खेळ संपायच्या आत त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगल्या.

वादळ कुठे आहे? लाटा, किंकाळ्या, फुटलेली डोलकाठी? १७६५ साली छापलेल्या अकरा कडव्यांच्या पाठात काही नाही. खलाशाची भीती, मग जोडे, मग टोप्या. मधलं सगळं गायब. पुढे फक्त बायका, हातात पंखे, केसांत सोन्याचे कंगवे, वाट बघत बसलेल्या. आणि शेवटी, अ‍ॅबरडूरच्या वाटेवर पन्नास वाव खोल पाण्यात सर पॅट्रिक, त्याच्या पायांशी ते उमराव. जोडे जपणारे पायांशी निजले. गाणारा रडत नाही. रडायचं असेल तर ते ऐकणाऱ्याचं काम.

मला वाटतं, या गाण्यांची ओढ इथे आहे. डोंगर, धुकं, तलाव, ते सगळं पर्यटन खात्याचं. खरी ताकद गाळलेल्या जागेत आहे. आमच्या भजनात आम्ही भावना पोचावी म्हणून एकच ओळ आठ वेळा आळवतो. तीही एक रीत आहे, आणि मला प्रिय आहे. पण ही दुसरी रीत कळायला मला साठी उलटावी लागली.

स्कॉटलंडने स्वतःच्या गाण्यांवर पुष्कळ साखरही घातलीय, हे सांगितलं पाहिजे. बिस्किटांच्या डब्यावरच्या चित्रासारखी गाणी ढिगाने आहेत. हरलेल्या राजपुत्र चार्लीची होडी स्कायच्या बेटाकडे निघाली, ते सुप्रसिद्ध गाणं लोकांना पुरातन वाटतं. चाल जुन्या गेलिक गाण्यावरून आली असली तरी त्याचे शब्द १८८४चे आहेत आणि लिहिणारा इंग्रज होता. तो राजपुत्र हरला ती कलोडनची लढाई झाली १७४६च्या एप्रिलमध्ये. सव्वाशे-दीडशे वर्षं गेली की पराभवाची छान अंगाई होते. चाल सुंदर आहे, मी पेटीवर वाजवतोही. पण स्पेन्सच्या टोप्यांशेजारी ते ठेवावंसं वाटत नाही.

कादंबरीकार वॉल्टर स्कॉट तरुण असताना सीमाभागातली बॅलड गोळा करत हिंडायचा. एट्रिकच्या खोऱ्यात मार्गारेट लेडलॉ या बाईंनी त्याला गाणी म्हणून दाखवली. पुढे ती छापलेली बघून त्यांनी त्याला चांगलं सुनावलं. त्यांच्या मुलाने, कवी जेम्स हॉगने, हे नोंदवून ठेवलंय. ही गाणी म्हणायसाठी होती, वाचायसाठी नव्हे. तुम्ही छापलीत आणि जादू मोडली. आता ती कुणी म्हणायचं नाही. वर, धड लिहिलीही नाहीत तुम्ही!

दीडशे वर्षांनी बाईंचं म्हणणं अर्धं खोटं ठरलं. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' सुरू झालं आणि लोकगीतं गोळा करणारा हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन निघाला. त्याला गाणी सापडली ती भटक्या लोकांकडे, ज्यांना गावकरी दाराशी उभं करत नसत. १९५३ला अ‍ॅबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटली. तिच्या कंठात ही शतकांची बॅलड जिवंत होती. ब्लेअरगौरीला रासबेरी तोडणीच्या हंगामात पालं पडायची, तिथली गाणी टिपणं म्हणजे नायगाऱ्याखाली डबा धरण्यासारखं, असं हेंडरसन म्हणायचा. जीनीच्या आवाजात मी 'सन डेव्हिड' ऐकलं, आणि त्याच बॅलडचे दुसरे पाठही वाचले. सगळ्यांची मिळून गोष्ट अशी. आई विचारते, तुझ्या तलवारीला रक्त कसलं? ससाण्याचं, म्हणतो. ससाण्याचं इतकं लाल नसतं. घोड्याचं. तेही नाही. शेवटी कळतं, भावाचं. कशावरून भांडलात? एका झुडपाची फांदी तोडण्यावरून. ती झाड झाली असती. आता तू कुठे जाशील? तळ नसलेल्या होडीतून. परत कधी येशील? उत्तर ऐकवत नाही.

झुडपाच्या फांदीवरून. आमचं हद्दीवरच्या रातांब्यावरून झालं होतं.

पश्चिमेकडच्या बेटांवर भाषाच वेगळी, गेलिक. तिथल्या बायका विणलेलं लोकरी कापड शिळ्या मुतात भिजवून लांब फळीभोवती बसून आपटत, घट्ट व्हावं म्हणून. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी हो-रो-हो असं अर्थ नसलेलं धृपद. कापड सूर्य फिरतो त्या दिशेनेच फिरवायचं. एका बैठकीत एक गाणं दोनदा म्हणायचं नाही, अपशकुन. म्हणजे किती गाणी पाठ हवीत! त्या गाण्यांत प्रियकर, बुडालेले भाऊ, शेजारणीची थट्टा, सगळं. आमच्या आईला जात्यावरच्या ओव्या येत. मला एकही पूर्ण आठवत नाही. ताईला आठवत असतील. विचारायला हवं होतं.

त्याच पट्ट्यातून एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी माणसं हुसकली. राझे बेटावरचं हॅलिग गाव तसं रिकामं झालं. १९५४ साली सॉर्ली मॅक्लीनने त्यावर गेलिकमध्ये कविता लिहिली. कवी त्या ओसाड गावात जातो आणि तिथल्या मुली त्याला बर्च, हेझल, रोवनची झाडं होऊन चालताना दिसतात. मुलीच्या फोनवर कवीच्याच आवाजात ती ऐकली. एक अक्षर कळलं नाही. तिने इंग्रजी भाषांतर पुढे धरलं होतं, ते मी बाजूला केलं.

समुद्र ओलांडून गेलेल्यांपैकी बरेच आपल्याकडेही आले. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डम्बार्टनचा, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन लॉडर गावचे. एक राज्य करायला, एक धर्म सांगायला. घरून हाकललेले नव्हेत, पण घर दूर पडलेलेच. आणि आता आपली मुलं उलट्या दिशेने. एडिंबरोच्या स्टेशनवर निघताना मुलीने बॅगेत लोकरीचे मोजे कोंबले आणि म्हणाली, "बाबा, पोचल्यावर मेसेज कर." मी म्हणालो, "हो." गाडी वेळेवर सुटली.

यंदा ३१ डिसेंबरला रात्री नऊच्या सुमारास ताईचा फोन आला. भाच्याचं पोस्टिंग कुठे झालंय ते सांगायला, असं म्हणाली. ते सांगून झालं. मी ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "बापू, ते त्या दिवशी वाजलं ना, पोरं चालत गेली तेव्हा, ते गाणं कसलं होतं? तू मांडीवर वाजवत होतास. मी बघितलं मागे वळून."

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि पेटी ओढली. काळी चारमध्ये लावलं. भात्याचा आवाज जास्त आणि गाणं कमी, असं झालं असेल. एकदा पूर्ण वाजवलं. ती म्हणाली, "शब्द काय आहेत?"

मी तिला सांगितलं, दोघं असतात, टेकाडावरून धावलेले. फुलं खुडलेली. मग प्याल्याचं सांगितलं, की तुझे तू दे, माझे मी देतो. ती हसली. "म्हणजे वाटण्या झालेल्या आहेत त्यांच्या."

"झाल्यात," मी म्हणालो. "आणि त्याच्या आधी एक कडवं आहे. दोघं सकाळपासून जेवायच्या वेळेपर्यंत पऱ्यात पाय घालून खेळलेले असतात."

पलीकडून काही आवाज आला नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी बघितलं. सेकंद पुढे जात होते.

मग ताई म्हणाली, "पाणी फार गार असायचं रे."